चर्चमागची खोली आणि गोळ्यांची पट्टी

ठाण्यात राहणाऱ्या माणसाला एक विनोद जन्मभर ऐकावा लागतो. पुण्याच्या माणसाला जसा येरवड्याचा, तसा आम्हाला ‘याला ठाण्याला पाठवायला हवं’ हा. १९०१ साली सुरू झालेल्या इथल्या मनोरुग्णालयामुळे शहराच्या नावाला चिकटलेला हा अर्थ सव्वाशे वर्षांत पुसला गेलेला नाही, आणि त्याची किंमत विनोद करणाऱ्यांना मोजावी लागत नाही. ज्या घरात कुणी रात्ररात्र जागे राहते, कुणी पगाराच्या दिवशी बारमध्ये बसून रिकाम्या खिशाने परत येते, ती घरे ती मोजतात. त्या घरातली बाई मनोरुग्णालयाच्या फाटकातून आत जाण्याआधी दहा दारे ठोठावते. ती हिंदू असेल तर कुलदैवताला, एखाद्या मठात किंवा देवऋष्याकडे जाते, मुसलमान असेल तर दर्ग्यावर, आणि ख्रिस्ती असेल तर रविवारची उपासना संपल्यावर पाळकसाहेबांना किंवा फादरना जरा बाजूला घेऊन हळूच म्हणते, “थोडं बोलायचं होतं.” ख्रिस्ती श्रद्धेच्या आधाराने केलेले समुपदेशन असावे की नसावे, यावर आपण चर्चासत्रे घेऊ तेव्हा घेऊ; ते या एका वाक्यापाशी केव्हाच सुरू झालेले असते.

या विषयावर मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमचे घराणे मूळ नगर जिल्ह्यातले, मिशनच्या शाळांत शिकलेले. आजोबा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात लागले आणि आम्ही ठाणेकर झालो. देवळात, आमच्यातली जुनी माणसे चर्चला देऊळच म्हणतात, मी आजही जातो. तरीही, किंवा कदाचित त्यामुळेच, मला असे वाटते की या समुपदेशनाला सरसकट विरोध करण्याचे कारण नाही आणि त्याला मोकाट सोडण्याचेही नाही. ते चांगले की वाईट हे ओळखण्यासाठी तिथे प्रार्थना होते का, भिंतीवर क्रूस आहे का, हे पाहून उपयोग नाही. त्या खोलीत कुणाची श्रद्धा कामाला लावली जाते, बोलायला आलेल्याची की ऐकायला बसलेल्याची, हे पाहावे लागते.

माझे धाकटे काका वीसएक वर्षे पीत होते; कारखाना बंद पडल्यावर रोज. एका वर्षीच्या उपवासकाळात पाळकसाहेबांच्या आग्रहावरून त्यांनी शुक्रवारी रात्री बायबलवर हात ठेवून शपथ घेतली आणि दारू एकदम तोडली. शनिवारी त्यांचे हात थरथरू लागले, घामाने बनियन भिजले, चहासुद्धा पोटात ठरेना. रविवारी रात्री घरी प्रार्थनासभा ठेवली होती. सतरंजीवर वीसेक माणसे, एक ढोलकी, दोन झांजा, आणि मधोमध काका, जे भिंतीवरून मुंग्यांची रांग खाली उतरते आहे असे सांगत दोन्ही हातांनी अंगावरच्या मुंग्या झटकत होते. भिंतीवर वचनाचे कॅलेंडर सोडून काहीही नव्हते. “सैतान निघतोय, जोरात गा,” असे कुणीतरी म्हणाले आणि गाण्याचा आवाज चढला. शेजारच्या इमारतीत राहणारी एक मल्याळी नर्स ड्यूटीवरून परतताना दारात थांबली. ती आमच्या मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चची सभासद, नव्हती. तिने चपला काढून आत येऊन काकांची नाडी धरली, घड्याळाकडे पाहिले आणि मोडक्या मराठीत विचारले, “दारू कधी बंद केला?” शुक्रवारी, असे उत्तर मिळताच ती रिक्षा बोलवा म्हणाली. रिक्षात काकांना धरून बसताना तिने क्रूसाची खूण केली, हे मला लख्ख आठवते.

वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली की साधारण दोन ते चार दिवसांत ही अवस्था येऊ शकते. डॉक्टर तिला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. त्याआधी फेफऱ्यासारखे झटकेही येऊ शकतात, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो. त्यावरचा उपचार मात्र ठरलेला आहे: बेन्झोडायझेपिन गटातली शांत करणारी औषधे मोजून-मापून, थायामिन या ब जीवनसत्त्वाची इंजेक्शने, शिरेतून द्रव, आणि सतत लक्ष. काका सहा दिवसांनी घरी आले. हे सांगताना त्या सभेतल्या माणसांविषयी मला राग नाही, हेही नोंदवले पाहिजे, कारण पुढचे दोन महिने काकूंच्या घरी पाळीपाळीने डबा आणून देणारी, काकांना संध्याकाळी सात वाजता, म्हणजे नेमक्या त्या वेळेला, फिरायला घेऊन जाणारी माणसे तीच होती. कुठल्याही रुग्णालयाला ते जमले नसते. चूक झाली ती एवढीच की जे काम रुग्णालयातून परतल्यावर त्यांचे होते ते त्यांनी पहिल्या दिवसापासून आपले मानले.

असल्या प्रसंगावरून सरळ निष्कर्ष काढणारे माझे काही पुरोगामी मित्र आहेत. त्यांच्या मते मनाचे आणि व्यसनाचे आजार हे वैद्यकाचे क्षेत्र असल्याने धर्मसंस्थांनी त्यातून अंग काढून घ्यावे. ऐकायला हे स्वच्छ वाटते. पण निम्हान्स या बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात उपचार न मिळणाऱ्यांचे प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्क्यांपर्यंत आढळले, आणि दारूशी संबंधित आजारात ते ८६ टक्के होते. दिल्लीच्या एम्स रुग्णालयातल्या व्यसनोपचाराच्या राष्ट्रीय केंद्राने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्यसनविषयक अहवालाप्रमाणे दारूवर अवलंबून असणाऱ्या दर ३८ माणसांमागे एकालाच कुठला तरी उपचार मिळालेला होता. उरलेल्या ३७ जणांच्या घरी कोण जाते? घणसोलीच्या चाळीत, कोपरखैरणेच्या माथाडी वसाहतीत, लोकमान्यनगरच्या गल्लीत मानसोपचारतज्ज्ञ जात नाही, पाळक जातो. जो माणूस आधीच दारात पोहोचलेला आहे त्याला परत पाठवण्यापेक्षा, त्याने दार उघडल्यावर काय करावे आणि कुठे थांबावे हे शिकवणे शहाणपणाचे आहे.

शिवाय व्यसनमुक्तीपुरते बोलायचे तर धर्माला बाहेर ठेवा म्हणणारे इतिहासच विसरतात. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात बिल विल्सन हा शेअरदलाल आणि बॉब स्मिथ हा डॉक्टर, दोघेही अट्टल दारुडे, एकमेकांना भेटले आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांच्या आधारासाठी भरवलेल्या सभांची, सुरुवात झाली. दोघेही ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीच्या संपर्कात होते. आपल्या चुकांचा हिशेब मांडणे, दुसऱ्यापाशी कबुली देणे, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करणे या गोष्टी तिथूनच आल्या. परंतु १९३९ मध्ये या सभांच्या, दारू सोडण्याच्या बारा पायऱ्या छापल्या गेल्या तेव्हा त्यांनी देवाच्या पुढे ‘आम्हाला जसा उमगला तसा’ असे शब्द घातले. माझ्या मते व्यसनमुक्तीच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी युक्ती आहे. एका विशिष्ट धर्मातून आलेल्या माणसांनी देवाची व्याख्या करण्याचा अधिकार समोरच्या दारुड्याच्या हाती दिला, म्हणूनच ती सभा आज ठाण्यात एखाद्या शाळेच्या वर्गात भरते तेव्हा तिथे विठोबाला मानणाराही बसतो आणि कशालाच न मानणाराही. तिचा उपयोग होतो का, याचेही उत्तर आहे. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०२० सालच्या आढाव्यात २७ अभ्यासांतल्या १०,५६५ व्यक्तींची माहिती तपासली गेली. या सभांकडे पद्धतशीरपणे वळवणाऱ्या उपचारानंतर वर्षभराने पूर्ण दारूमुक्त असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते, तर इतर मान्य मानसोपचार पद्धतींनंतर ३५ टक्के. फरक डोळे दिपवणारा नाही, पण ज्या कार्यक्रमाला फी नाही त्याच्या बाबतीत तो लहानही नाही. आपल्याकडे फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात कृपा फाउंडेशन सुरू केले, ते याच बारा पायऱ्यांना अय्यंगारांच्या योगाची जोड देऊन; पुण्यात १९८६ पासून डॉ. अनिता आणि अनिल अवचटांच्या मुक्तांगणने धर्मसंस्थेच्या छताखाली न जाता आपली वाट काढली. दोन्ही वाटा मराठी माणसाच्या ओळखीच्या आहेत आणि त्यांचे आपसात भांडण नाही.

श्रद्धा कुणाची, हा प्रश्न दारूपेक्षाही उदासीनतेच्या, म्हणजे डिप्रेशनच्या, आजारात अधिक टोकदार होतो. एखादी बाई जेव्हा सांगते की प्रार्थनेला बसले तरी आत काही हलत नाही, देवाने माझ्याकडे पाठ फिरवली आहे, तेव्हा ती आजाराचे लक्षण सांगत असते आणि त्याच वेळी आपल्या आयुष्यातले सर्वांत मोठे दुःखही सांगत असते. श्रद्धेशी काही देणेघेणे नसलेला समुपदेशक तिला, ‘ते देवाचं सध्या बाजूला ठेवू’ असे म्हणाला, तर दवाखान्याबाहेर चपला काढून ठेवाव्यात तशी तिने आपली श्रद्धा काढून ठेवून आत यावे अशी त्याची अपेक्षा असते; आणि दुखणे नेमके तिथेच असते. केनेथ पार्गामेंट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे ६०० वृद्ध रुग्णांचा दोन वर्षे पाठपुरावा केला होता. देवाने मला टाकले, देवाचे माझ्यावर प्रेम उरले नाही, हे सैतानाचे काम आहे, असे ज्यांना वाटत होते त्यांच्यात मृत्यूचा धोका अधिक आढळला, आणि प्रकृतीतला फरक हिशेबात धरूनही तो अधिकच राहिला. म्हणजे श्रद्धा आधार देते तशी ती पोखरूही शकते, आणि ती कुठे पोखरते आहे हे कळायला त्या श्रद्धेची भाषा येणारा माणूस लागतो. ख्रिस्ती समुपदेशकाच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद मला हाच वाटतो.

पण भाषा येणे वेगळे आणि ती समोरच्याच्या डोक्यात मारणे वेगळे. ‘तुझा विश्वास कमी पडतोय’ हे वाक्य आमच्या मंडळ्यांत इतक्या सहजपणे बोलले जाते की ते औषधाच्या नावाखाली दिलेले विष आहे हे बोलणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. पवित्र शास्त्र वाचणाऱ्याला तरी ते लक्षात यायला हवे. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांधाला पाहून शिष्य विचारतात, पाप कुणी केले, याने की याच्या आईबापांनी? उत्तर येते, याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते; शेवटच्या ओळीत उजेड आणण्याची घाई स्तोत्रकर्त्याला झालेली नाही. आणि एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. झोपू देतो, उठवून निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. डोंगरावर देवाशी बोलणे त्यानंतर चाळीस दिवसांनी होते. त्या भाकरीत मला काकांच्या थायामिनच्या इंजेक्शनचे रूप दिसते, असे मी एकदा बायबल अभ्यासाच्या वर्गात म्हणालो होतो. तिथे काही जण हसले.

कॅथलिक चर्चने तर हे नियमातच आणून ठेवले आहे. मिस्सेत, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेत, द्राक्षारस अर्पण केल्यावर त्याचे मूळ तत्त्व बदलते, पण रंग, चव, वास आणि परिणाम तेच राहतात, अशी त्यांची शिकवण आहे. म्हणून दारूचे व्यसन असलेल्या धर्मगुरूला, धर्मप्रांताच्या प्रमुखाच्या परवानगीने, मुस्टम म्हणजे आंबवण थांबवलेला द्राक्षरस वापरता येतो. २००३ साली रोमहून निघालेल्या पत्राने ही मुभा स्पष्ट केली. याचा अर्थ काय होतो ते पाहावे. वेदीसमोर उभा असलेला, दीक्षा घेतलेला, रोज प्रार्थना करणारा माणूसही या आजाराच्या बाबतीत देहाच्या नियमांतून सुटत नाही, हे खुद्द चर्चने मान्य केलेले आहे. मग प्रार्थनासभेत ‘आता गोळ्यांची गरज नाही’ असे जाहीर करणारा माणूस स्वतःला कुठल्या अधिकारपदावर बसवतो? लिथियमवर, म्हणजे मनाचे टोकाचे चढउतार आवरणाऱ्या औषधावर, असलेल्या रुग्णाने गोळ्या एकाएकी थांबवल्या तर आजार उसळून परत येण्याचा धोका वाढतो. गोळ्या थांबवा असे सांगणाऱ्याच्या वाट्याला हा धोका येत नाही. त्याची साक्ष, म्हणजे देवाने काय केले हे मंडळीसमोर सांगणे, होते; रुग्णाचे रुग्णालय होते.

कायद्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही, कारण तो पुरेसा स्पष्ट आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांशी निगडित अवस्था धरल्या आहेत, अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या संस्थेला नोंदणी सक्तीची केली आहे आणि रुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळदंडाने बांधायला मनाई केली आहे. या मनाईमागे तमिळनाडूतले एरवाडी आहे, जिथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या निवासात आग लागली आणि बांधलेली २८ माणसे पळता न आल्याने जळून मेली. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याप्रमाणे भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे-मारणे हा गुन्हा आहे. तेव्हा पनवेल-कर्जतच्या बाजूला बंगला भाड्याने घेऊन, बाहेरून कुलूप लावून, आत भजने किंवा भक्तिगीते लावून ‘व्यसनमुक्ती’ करणाऱ्या कुणालाही, तो कुठल्याही धर्माचा असो, श्रद्धेच्या नावाने सूट मागता येणार नाही.

कायद्याचा हात पोहोचत नाही ती जागा म्हणजे चर्चमागची ती छोटी खोली. मी पाहिलेल्या अशा एका खोलीत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, एक लोखंडी कपाट, ज्यात नाताळच्या नाटिकेचे मेंढपाळांचे कपडे कोंबलेले होते, आणि मधली भिंत प्लायवूडची होती. पलीकडे गायकवृंदाची तालीम चालायची, आणि तालीम थांबली की इकडचे बोलणे तिकडे ऐकू जायचे. त्या खोलीकडे जाणारा जिना अंगणातून दिसतो. मंगळवारी संध्याकाळी तो जिना कोण चढले, हे बुधवारपर्यंत मंडळीला ठाऊक असते. माझ्या ओळखीच्या एका बाई ऐरोलीत राहतात आणि समुपदेशनासाठी ट्रान्स-हार्बर लोकलने नेरुळच्या चर्चमध्ये जातात, कारण तिथे त्यांना कुणी ओळखत नाही. ठाण्याच्या फाटकाची लाज चुकवायला माणूस चर्चमध्ये येतो आणि चर्चच्या जिन्याची लाज चुकवायला दुसऱ्या उपनगरात जातो, असा हा प्रकार आहे.

इथे एक गैरसमज आहे, जो धर्मगुरूंनीच दूर करायला हवा. कॅथलिक धर्मगुरूने कन्फेशनमधले, म्हणजे पापांच्या खासगी कबुलीतले, गुपित फोडले तर त्याच्यावर बहिष्काराची शिक्षा आपोआप लागू होते. ते मौन जगातल्या सर्वांत कडक मौनांपैकी आहे. लोकांना वाटते की फादरशी बोललेले सगळेच या मौनाखाली येते. येत नाही. खुर्चीवर बसून केलेले समुपदेशन म्हणजे कन्फेशन नव्हे, आणि पाळकांच्या, म्हणजे प्रोटेस्टंट, मंडळ्यांत तर अशी काटेकोर व्यवस्थाच नाही. उलट ‘आपल्या एका बहिणीसाठी प्रार्थना करा, ती फार निराशेत आहे’ अशी विनंती व्हॉट्सॲपच्या प्रार्थनागटात पडते आणि गटातल्या दोनशे जणांपैकी दीडशे जणांना बहीण कोण ते कळते. हेतू चांगला असतो, त्यामुळे तक्रारही करता येत नाही. गोपनीयता कशी पाळली जाईल, कोणत्या प्रसंगी मोडावी लागेल, म्हणजे जिवाला धोका असेल तर किंवा मुलावर अत्याचार होत असेल तर, हे पहिल्याच बैठकीत मराठीत सांगून, लेखी देऊन मगच बोलणे सुरू करावे. मराठीत, हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. ठाणे-नवी मुंबईच्या चर्चांत इंग्रजी, मल्याळम, कोकणी, तमिळ या भाषांत उपासना होतात, पण समुपदेशक बहुधा इंग्रजीत शिकलेला असतो. ‘जीव कशातच लागत नाही’, ‘छातीत धस्स होतं’, ‘घर खायला उठतं’ यांचा अर्थ त्याला दुभाष्याकडून कळून चालत नाही. दुभाषी म्हणून तर बहुतेक वेळा त्या बाईची मुलगीच बसलेली असते.

आता त्या प्रश्नाकडे येतो जो बिगरख्रिस्ती वाचकाच्या मनात पहिल्या परिच्छेदापासून असेल: हा सगळा धर्मांतराचा मार्ग नाही कशावरून? या प्रश्नाला आमच्यातले लोक लगेच दुखावतात, पण मला तो रास्त वाटतो. दारू सुटताना थरथरणारा, किंवा आत्महत्येच्या विचारांतून नुकताच बाहेर आलेला माणूस जो हात पुढे येईल तो धरतो. अशा अवस्थेत त्याने स्वीकारलेला धर्म त्याने निवडला असे म्हणता येत नाही; जमीन विकायचा कागद आपण अशा माणसाकडून सही करून घेणार नाही, मग आत्म्याचा सौदा कसा करून घ्यायचा? जागतिक मानसोपचार संघटनेने २०१६ च्या निवेदनात रुग्णाची श्रद्धा समजून घेणे हे मानसोपचारतज्ज्ञाचे काम मानले आहे आणि त्याच वेळी आपल्या व्यावसायिक स्थानाचा वापर धर्मप्रसारासाठी करू नये असेही सांगितले आहे. दोन्ही गोष्टी एकाच दमात. माझी सूचना याहून थोडी कडक आहे: समुपदेशन किंवा निवासी उपचार चालू असताना आणि ते संपल्यावर निदान एक वर्ष त्या व्यक्तीला बाप्तिस्मा देऊ नये, तिने स्वतः मागितला तरी. ज्याची ओढ खरी असेल तो वर्षभर थांबेल, आणि संविधानाने दिलेले विवेकस्वातंत्र्य त्यालाही आहे. या नियमाने आमची काही माणसे कमी होतील. होऊ देत.

याच कसोटीवर आणखी एक प्रसंग तपासावा लागतो, आणि तो चर्चमधल्या लोकांना अवघड जाईल. आईवडील विशीतल्या मुलाला घेऊन येतात, त्याला मुली आवडत नाहीत, ‘प्रार्थना करून याला सुधारा’ म्हणतात. आजार कुणाचा? २०१७ च्या कायद्याचे कलम ३ सांगते की समाजाच्या प्रचलित नैतिक किंवा धार्मिक मूल्यांशी न जुळणे हा मानसिक आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये असे ‘बदलण्याचे’ उपचार बंद करण्याचे आदेश दिले आणि पुढच्या वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांसाठी ते गैरवर्तन ठरवले. चर्चची शिकवण काय आहे ते चर्चने व्यासपीठावरून सांगावे, तो त्याचा अधिकार आहे. समुपदेशनाच्या खोलीत मात्र तो मुलगा बोलायला आला आहे, आईवडील नव्हेत, आणि तिथे त्यांची श्रद्धा त्याच्यावर चालवणे म्हणजे समुपदेशन नव्हे.

प्रशिक्षणाचा मुद्दा राहिला. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते, पण ‘ख्रिस्ती काउन्सेलर’ ही पाटी सहा शनिवारच्या अभ्यासक्रमावरही लागलेली मी पाहिली आहे. यावर एक जुना आणि चर्चच्याच घरातला उपाय आहे. अँटन बॉइसन नावाचा अमेरिकन पाळक १९२० साली स्वतः मनोविकाराने रुग्णालयात दाखल झाला होता. बरा झाल्यावर तो वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात धर्मसेवक म्हणून रुजू झाला आणि १९२५ पासून धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तिथे वॉर्डात राहून काम करायला लावू लागला. पुस्तकातले देवशास्त्र वाचता तसे आजारी माणसाला वाचायला शिका, असा त्याचा आग्रह होता. मुंबई-पुण्याच्या सेमिनरीतल्या, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयांतल्या, प्रत्येक विद्यार्थ्याने दीक्षेआधी निदान तीन महिने मनोरुग्णालयात, मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, बायबल पिशवीत ठेवून काढले, तर भिंतीवरच्या मुंग्या पाहून ढोलकी वाजवायची की रिक्षा बोलवायची हे त्याला निदान कळेल. मासुंदा तलावाशेजारच्या पोर्तुगीजकालीन चर्चपासून आमचे मनोरुग्णालय रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांवर आहे.

काकांना दारू सोडून आता अकरा वर्षे होत आली. मधे एकदा घसरले, पुन्हा उठले. दर गुरुवारी सभेला जातात, तिथे त्यांचा देव कोण हे कुणी विचारत नाही, आणि रविवारी देवळात असतात. त्यांच्या चेनवाल्या बायबलच्या कव्हरमध्ये, मागच्या कप्प्यात, गोळ्यांची पट्टी असते. उदासीनतेच्या गोळ्या त्यांना दारू सुटल्यावर सुरू झाल्या. गेल्या ईस्टरला पाळकसाहेबांनी त्यांना सर्वांसमोर साक्ष द्यायला सांगितले. काका म्हणाले, “देतो की. पण देवाचं नाव घेईन तसं त्या नर्सबाईचंही घेईन, आणि गोळ्यांचंही.” पाळकसाहेब म्हणाले, बघू, वेळ कमी आहे. त्या रविवारी साक्ष दुसऱ्या कुणाची झाली.